मिठाने पकडलेली चिरचिर

सकाळच्या पाळीचे लोक आले, ॲप्रन बांधून झाले, चहाचे कप विसळून पालथे पडले, तरी त्या लाँड्रीतले मोठे ड्रम कामाला लागत नसत. सगळे डॉक्टरिणीची वाट बघत उभे राहत. डॉक्टरीण म्हणजे काही औषध देणारी नव्हे. पन्नाशीला टेकलेली, ठेंगणी, नखांच्या कडांत कायमचं ग्रीस बसलेली एक बाई. तिच्या हातात हातभर लांब स्क्रूड्रायव्हर असायचा. चादरी पिळणारे ड्रम आधी रिकामे फिरवले जात. ती एकेकापाशी जायची, स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या डोक्यावर टेकवायची, लाकडी मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायची. डॉक्टर छातीला नळी लावतो तशी. म्हणून ते नाव. थोड्या वेळाने ती डोळे उघडून म्हणायची, "ठीक आहे," आणि मग पोरी ओल्या चादरींचे गठ्ठे आत ढकलायला लागायच्या.

ही विद्या तिला एका म्हाताऱ्या मिस्त्रीने दिली होती. तेव्हा ती घड्या घालायच्या टेबलावर होती. कुठे पट्टा सरकायला लागला की मिस्त्रीच्या आधी हिची मान वळते, हे त्याने हेरलं. "घड्या घालण्यात वाया चाललीस तू," तो म्हणाला आणि स्क्रूड्रायव्हर तिच्या हातात दिला. "बेअरिंग मरायच्या आधी बारीक रडतं. ते बारीक रडणं ऐकायचं. जाड आवाज यायला लागला, की ऐकत उभं राहायचं नाही. पळायचं." दुसऱ्या एका लाँड्रीत भर वेगात फिरणारा ड्रम जागचा सुटून भिंत फोडून अंगणात जाऊन पडला होता, ते तो रंगवून सांगायचा. ड्रमच्या तोंडाशी कोण उभं होतं, तिथे आला की गप्प व्हायचा. पुढचं त्याने कधी सांगितलं नाही, आणि तिने विचारलं नाही.

मिस्त्री गेला. त्याचा स्क्रूड्रायव्हर, त्याची जागा आणि त्याचा मान तिच्याकडे आला. पुढे तिने आपल्याजवळच राहणाऱ्या धाकट्या बहिणीला तिथे चिकटवलं. धाकटी तीन नंबरच्या ड्रमवर. ताई आहे म्हटल्यावर धाकटीला कसली भीती? ती तोंडाने गाणं म्हणत ड्रमच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालायची.

त्या शनिवारी गाणं मधेच थांबवून धाकटी म्हणाली होती, "ताई, हा तीन नंबर चिरचिरतो गं."

डॉक्टरिणीने स्क्रूड्रायव्हर लावला. डोळे मिटले. आत घुमघुम होती, नेहमीची, गुळगुळीत. तिने सावकाश ऐकलं. मग म्हणाली, "तुझ्या कानात साबण गेलाय."

आसपासच्या पोरी खो-खो हसल्या. मुकादमही हसला. "डॉक्टरीणबाईंच्या वर जाते का तू? टाक चादरी!" धाकटीने जीभ चावली आणि चादरी टाकल्या.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. घरात गिटारचा खोका पुरा व्हायचा होता.

खोका म्हणजे स्पीकरचा खोका. तिचा मुलगा मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता आणि उरलेला सगळा वेळ गिटारवर. बाप लांब पल्ल्याच्या ट्रकवर; महिन्याकाठी पाहुण्यासारखा यायचा आणि गिटार बघून "अजून आहे का हे?" म्हणायचा. मुलाला कुणाकडून तरी जुना, ताटाएवढा स्पीकर मिळाला होता. नुसता स्पीकर म्हणजे शरीराविना गळा. त्याला खोका हवा. लाँड्रीत इस्त्रीचं नवं यंत्र आलं, तेव्हा त्याच्या पेटीचं जाड प्लायवुड मागच्या दाराशी पडून होतं. तिने मुकादमाला विचारून ते आणलं, आणि मायलेक दोघं कामाला लागली. मुलगा मोजायचा, ती कापायची. करवत तिच्या हाताला जास्त वळायची. समोरच्या फळीला गोल भोक, कोपऱ्यांत लाकडी ठोकळे, पाठीच्या मोठ्या फळीला आतून एक आडवी पट्टी, म्हणजे फळी थरथरू नये. दमट घर म्हणून तिने आतून सगळीकडे मेण चोळलं. इस्त्रीच्या रुळांना चोळतात ते. चादरी सरसर सुटाव्यात म्हणून लाँड्रीत डबेच्या डबे असतात. मेणाने प्लाय चकचकीत दिसायला लागलं, तेव्हा मुलगा म्हणाला होता, "आई, आतून कोण बघणार आहे?" आणि ती म्हणाली होती, "मी."

रविवारी सकाळी स्पीकर बसवला, पाठ स्क्रूंनी आवळली, वायर जोडली. धाकटी पलीकडे ओट्याशी भाजी निवडत होती. मुलाने खुर्ची ओढली, गिटार मांडीवर घेतली आणि एकेक सूर काढत निघाला.

"वा!" ती म्हणाली.

"थांब. हे ऐक."

त्याने सगळ्यात जाड तारेवर तिसऱ्या घरात बोट दाबलं आणि तार छेडली. खोका घुमला. सूर भरीव, गोल. तिला तो पोटात जाणवला. छान आला असं ती म्हणणार, तोच मुलाचं नाक आक्रसलं.

"आली ना?"

"काय?"

"अगं चिरचिर! सुराच्या शेपटीला. पत्र्याखाली माशी अडकल्यासारखी."

त्याने पुन्हा तार छेडली. ती पुढे वाकली. घुमारा आला, लांबला, विरला. माशी कुठेच नव्हती.

"हं," ती म्हणाली.

का म्हणाली, हे तिला तेव्हा कळलं नाही. तोंडातून आपसूक निघालं. 'हं' म्हणजे ऐकली असंही होतं आणि बघते असंही होतं. मुलाने पहिला अर्थ घेतला.

"कुठून येते सांग आता. तू आहेस म्हणून बरं. नाहीतर आख्खा खोका उसवायला लागला असता."

तिने स्क्रूड्रायव्हर आणला. मुलगा तोच सूर पुन्हा पुन्हा छेडत राहिला आणि ती टोक फिरवत राहिली: समोरच्या फळीवर, डाव्या बाजूवर, उजव्या बाजूवर, खोका उचलायच्या वरच्या मुठीवर. स्क्रूड्रायव्हरची मूठ कानामागे. डोळे मिटलेले. सगळीकडे तेच. जाड, गोल, गुळगुळीत. पुढे काही नाही. जिना उतरताना शेवटची पायरी आहे असं वाटून पाऊल टाकावं आणि खाली जमीनच नसावी, तसं तिचं मन दर सुरामागे खाली जाऊन येत होतं.

तिने डोळे उघडले आणि मिटलेच नाहीत पुन्हा. ती मुलाच्या चेहऱ्याकडे बघू लागली.

चिरचिर आली की त्याची डावी भुवई किंचित उंचावायची आणि नाकाला सुरकुती पडायची. नाही आली, की चेहरा सपाट. तिने वरच्या फळीवर तळवा दाबला. भुवई उंचावलीच. म्हणजे तिथे नाही. खोक्याची मूठ घट्ट धरली. भुवई. स्पीकरच्या कडेचे स्क्रू आवळले. भुवई. समोरच्या कापडाची चौकट काढून बाजूला ठेवली, वायर आत कुठे फळीला लागत असेल म्हणून चिकटपट्टीने बांधली. भुवई, भुवई. पोटच्या पोराचं तोंड वाचून ती चोरासारखी त्याच्या घरात फिरत होती.

"आई, कापडाने नाही गेली."

"माहीत आहे मला," ती फिस्कारली. "ऐकू येतंय."

ओट्यापाशी भाजी निवडणं थांबलं. धाकटी हात पुसत पडद्याआडून आली. "काय रे ते किरकिरतंय मघापासून? डोकं उठलं माझं. उंदीर धरलाय का आत?"

"मावशी, तिथवर ऐकू येतं?"

"तिथवर काय, खाली रस्त्यावर जाईल. आपली डॉक्टरीण काय करते आहे?"

डॉक्टरीण स्टुलावर बसली. ओटा खोलीच्या त्या टोकाला होता, मधे एक पडदा होता, नळ वाहत होता. आणि ती इथे, खोक्याला कान चिकटवून.

मग एकेक गोष्ट आठवायला लागली. नको म्हटलं तरी. मागे एकदा जेवताना ती म्हणाली होती, "यंदा डास कमीच आहेत, नाही?" तेव्हा दोघं घास हातात धरून तिच्याकडे बघत राहिली होती. मुलाच्या दंडावर तर लाल चट्टे होते. "डाससुद्धा आईला घाबरतात," तो म्हणाला होता, आणि सगळे हसले होते, तीही. शेजारच्या तान्ह्या बाळाचं रडणं हल्ली कमी झालं म्हणून तिने शेजारणीचं कौतुक केलं होतं. शेजारीण जरा विचित्र हसली होती. म्हणजे जाड ते सगळं शाबूत होतं: बोलणं, दार, ट्रक, ड्रमची घुमघुम. बारीक तेवढं कुणीतरी काठावरून कातरून नेलं होतं, आणि लाँड्रीच्या गदारोळात ते गेलेलं कळलंही नव्हतं.

बेअरिंग मरायच्या आधी बारीक रडतं.

शनिवार तिच्यासमोर येऊन उभा राहिला. धाकटीचं ते वाक्य. साबणाचा विनोद. हसणाऱ्या पोरी.

"ताई, पांढरीफटक पडलीस की गं," धाकटी म्हणाली. "पाणी देऊ?"

"नको. मीठ दे."

"मीठ?"

"डबा दे मिठाचा."

लाँड्रीत ड्रमच्या झाकणावर साबणाची पूड सांडलेली असते. ड्रम नीट फिरत असेल तर पूड रेषा धरून निजते. कुठे झोल असेल तर तिथे नाचत राहते. कान होते तोवर तिने या पुडीकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. आता तिने खोका दोन विटांवर पालथा घातला, पाठ वर आली. त्यावर मीठ भुरभुरलं.

"वाजव," ती म्हणाली. "तोच सूर. सोडू नकोस."

मुलगा वाजवू लागला. मीठ थरारलं, पळालं, कडेकडेला वाकड्यातिकड्या ओळींत जाऊन बसलं. मधोमध मात्र तीन बोटांच्या पट्ट्यात दाणे बसेनात. तव्यावर पाणी शिंपडल्यासारखे ते उडत राहिले. तिने तिथे अंगठा दाबला आणि मुलाकडे पाहिलं. भुवई खाली आली. चेहरा सपाट. अंगठा काढला. भुवई वर.

"इथे," ती म्हणाली. तिला स्वतःचा आवाज लांबून आल्यासारखा वाटला.

पाठ उघडली. आतली आडवी पट्टी दोन टोकांच्या स्क्रूंवर लटकत होती. मधला गोंद वाळून सायीसारखा झाला होता. तिने नखाने ओढला तर अखंड सोलून आला. खाली मेण चकाकत होतं. मेणावर गोंद धरतोय होय? सुतार असता तर असलं काही केलं नसतं. चादरीच्या दुनियेतल्या माणसांनाच वाटेल, की मेण चोळलं म्हणजे भलं झालं. फळी आणि पट्टीत नखाएवढी फट होती, आणि त्या एका सुराला फळी पट्टीवर टाळ्या वाजवत होती.

तिने मेण खरवडलं, पॉलिश पेपर मारला, नवा गोंद लावला, आणि बाहेरून चार स्क्रू पट्टीत घट्ट पिळले. मुलाने तार छेडली. घुमारा आला, लांबला, विरला. तिच्या दृष्टीने मघाचाच. अगदी हुबेहूब मघाचाच.

"गेली!" मुलगा ओरडला. त्याने गिटार पलंगावर टाकली आणि आईचं डोकं दोन्ही हातांत धरून तिच्या कानाचाच मुका घेतला. "काय कान आहे, मावशी! बघितलंस? मुठीएवढ्या फटीतून नाही, नखाएवढ्या फटीतून शोधून काढली!"

"मग!" धाकटी म्हणाली. "उगीच का मी त्या राक्षसाच्या तोंडात हात घालते रोज? ताईचा कान आहे म्हणून."

डॉक्टरीण हसली. हसणं गालांवर चढलं आणि तिथेच अडकून राहिलं. आतापर्यंत तिला एक आशा होती. खोक्यात काही नसेलच, पोराला भास होत असतील, धाकटी त्याची री ओढत असेल. आता फट सापडली होती. चिरचिर होती. सगळ्यांना ऐकू आली, तिला सोडून.

संध्याकाळभर ती बोलायची संधी शोधत होती आणि संधी आली की टाळत होती. काय सांगायचं? मी बहिरी होत चालले? तशी काही ती बहिरी नव्हती, बोललेलं सगळं कळत होतं. सांगितलं की घड्यांच्या टेबलावर परत. मान जाईल, जागा जाईल. ते एक वेळ चाललं असतं. पण सांगितलं म्हणजे हेही सांगायचं, की गेले कितीतरी महिने मी तुमच्या जिवावर बोट ठेवून 'ठीक आहे' म्हणत आले, आणि मला काहीच ऐकू येत नव्हतं. धाकटीच्या तोंडावर हे कसं म्हणायचं?

"उद्या जाऊ नकोस कामाला," ती एवढंच म्हणाली.

धाकटी केस विंचरत होती. "का? उद्या काय आहे?"

"नको जाऊस. पाठ दुखते म्हण."

"तुझं डोकं ठिकाणावर आहे का? मी नाही गेले तर मुकादम दुसरी कुणी उभी करील तिथे. ती नवीन मुलगी आहे ना, ती." धाकटीने कंगव्यातला गुंता काढला. "आणि पाठ मला नाही दुखत. तुझीच दुखत असेल तर बोल."

दुसरी कुणी उभी करील. हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिने फक्त बहिणीपुरती भीती धरली होती.

सकाळी ती सगळ्यांच्या आधी लाँड्रीत शिरली. तिथे एक रिवाज होता: जो यंत्राला हात लावेल त्याने आपलं कुलूप मुख्य बटणाला घालायचं. ज्याचं कुलूप त्याची किल्ली. खुद्द मालक आला तरी दुसऱ्याने ते काढायचं नाही. मिस्त्रीच्या वेळेपासून कुणी हा नियम मोडला नव्हता. डॉक्टरिणीने आपलं कुलूप तीन नंबरच्या बटणाला अडकवलं आणि दाबलं. मग ड्रमकडे पाठ करून उभी राहिली.

मुकादम आला, रिकामे ड्रम फिरवायला निघाला, कुलूप दिसलं तसा थबकला.

"हे काय?"

"तीन नंबर उघडायचा आहे."

"उघडायचा? शनिवारी तुम्हीच पास केला ना? पोरगी चिरचिरतो म्हणत होती, तुम्ही म्हणालात साबण गेलाय."

"मी चुकले."

"तुम्ही?" मुकादम हसायला लागला. "डॉक्टरीणबाई, सकाळी सकाळी चेष्टा नको. दोन गाड्या चादरी बाहेर उभ्या आहेत. ऐका एकदा परत, हवं तर चारदा ऐका, आणि काढा ते कुलूप."

"ऐकून उपयोग नाही. मला ऐकू येत नाही, मुकादम."

"आता मी बोलतोय ते येतंय ना?"

"ते येतंय."

"मग झालं तर!"

पोरी गोळा झाल्या होत्या. धाकटी सगळ्यांत पुढे, ॲप्रनचा बंद हातात तसाच. डॉक्टरिणीला वाटलं होतं खरं बोलणंच कठीण असेल. ते खरं आहे हे पटवायलाही लागेल, असं तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. वर्षानुवर्षं कमावलेली पत तिच्याच आड येऊन उभी राहिली होती.

"हे बघा, पाळीची वेळ झालीसुद्धा," मुकादम मनगट वर करून म्हणाला. "काढा कुलूप."

"झाली कशावरून?"

"कशावरून म्हणजे? आत्ता वाजलं ना घड्याळ. बीप-बीप."

डॉक्टरिणीने त्याच्या मनगटाकडे पाहिलं. हातभरावर होतं ते. मग पोरींकडे पाहिलं. "तुम्ही ऐकलंत?"

आधी नव्या मुलीने मान हलवली. मग दुसरीने. मग बाकीच्यांनी.

"मी नाही ऐकलं," डॉक्टरीण म्हणाली.

मुकादमाचा हात तसाच वर राहिला. मागे नळ ठिबकत असावा किंवा नसावा. तिला सांगता आलं नसतं.

"कधीपासून?" हे धाकटीने विचारलं. हळू आवाजात.

"माहीत नाही. काल कळलं. खोक्यापाशी."

"काल कळलं, आणि काल तू मला म्हणालीस पाठ दुखते म्हण." धाकटीने ड्रमकडे बोट केलं. "शनिवारी मी अख्खा दिवस यात हात घालत होते, ताई. अख्खा दिवस! मला येत होता आवाज. येत होता मला! पण तू साबण म्हणालीस म्हणून मी घरी जाऊन कानात तेल घातलं."

डॉक्टरिणीला वाटलं, हिने आता थोबाडीत मारावी. बरं वाटेल. पण धाकटी वळली आणि घड्यांच्या टेबलामागे जाऊन तोंडावर चादर दाबून उभी राहिली.

दुपारी बाहेरचा मेकॅनिक आला. डॉक्टरिणीने स्वतःचं कुलूप काढलं, त्याचं लागलं. ड्रम उतरवला, बेअरिंग ओढून काढलं, घासलेटाने धुतलं. आतल्या कड्यावर, बोट फिरवलं तर लागेल न लागेल, असे बारीक खड्डे पडले होते. मुंगीने चावे घ्यावेत तसे. त्याने ते उजेडात फिरवलं आणि तो चुकचुकला.

"आज गेलं असतं का?" तिने विचारलं.

"कसं सांगू, बाई? महिनाभर चाललंही असतं."

"आणि आज गेलं असतं का?"

मेकॅनिकने तिच्याकडे नीट पाहिलं. "गेलंही असतं," तो म्हणाला आणि बेअरिंग फडक्यात गुंडाळलं.

एवढंच उत्तर तिला मिळालं. पुढे दवाखान्यात कानांवर यंत्र लावून त्यांनी तपासलं, कागदावर उतरत गेलेली रेघ दाखवली; बारीक आवाज परत यायचे नाहीत, असलेले जपा, म्हणाले. लाँड्रीत कुणी तिला लागट बोललं नाही. उलट मुकादम मोठ्याने, तोंड तिच्या तोंडासमोर आणून बोलायला लागला, आणि तिला रोज सांगायला लागायचं, "अहो, ओरडू नका, एवढं येतं मला." नाव मात्र आपोआप गळून पडलं. कुणी ठरवून सोडलं नाही. नुसतं कुणाच्या तोंडी येईना.

ऐकायचं कुणी, हा प्रश्न होता. मुकादमाने विचार करायला काही वेळ लावला नाही. "हिला ऐकू आलं होतं," तो धाकटीकडे बोट करून म्हणाला. धाकटी नको नको म्हणत होती. तिने ताईशी आठवडाभर धड बोलणं टाकलं होतं. जेवायला वाढायची, पण वाटी आपटून. तरी शिकवायला ताईच लागणार होती. टोक कुठे टेकवायचं, मूठ हाडाच्या कोणत्या खळग्यात बसते, जाड आवाज बाजूला सारून त्याच्या पलीकडे कसं जायचं. "घाई करायची नाही," डॉक्टरीण सांगायची. "कुणी हसलं तरी नाही." एवढं बोलून ती खाली बघायची.

तीन नंबरची जागा रिकामी झाली. तिथे कोण, असं मुकादमाने विचारायच्या आत डॉक्टरिणीने तिथला ॲप्रन उचलला.

"तुम्ही कशाला? ग्रीसचं काम आहे की तुमच्याकडे."

"तेही करीन," ती म्हणाली.

पहिल्या सकाळी धाकटी एक नंबर ऐकून आली, दोन नंबर ऐकून आली आणि तीन नंबरपाशी थांबली. ड्रम रिकामा फिरत होता. तिने स्क्रूड्रायव्हर टेकवला. डोळे मिटले. डॉक्टरीण ओल्या चादरींची गाडी धरून उभी होती. इतकी वर्षं ती त्या बाजूला उभी राहिली होती. या बाजूने ते किती वेळ चालतं, हे तिला आज कळत होतं. तिला त्या ड्रमची घुमघुम ऐकू येत होती, आणि त्या घुमघुमीपलीकडे काय आहे ते बहिणीच्या बंद पापण्यांआड होतं. पापण्या हलत होत्या. हलल्या म्हणजे काय? ऐकू आलं म्हणजे हलतात, की नाही आलं म्हणजे?

धाकटीने डोळे उघडले. "ठीक आहे."

गाडीची दांडी डॉक्टरिणीच्या हातातून सुटेना. "नक्की?"

धाकटीने तिच्याकडे पाहिलं. रागाने नव्हे, पण रागाची जागा अजून ओली होती. "मी विचारलं होतं का तुला कधी, नक्की म्हणून?"

ताईने मान हलवली. विचारलं नव्हतं. मग तिने पहिली चादर उचलली, जड, थंड, पाणी गाळणारी, आणि थांबलेल्या ड्रमच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून पसरली. दुसरी घातली. झाकण लावलं. बटण दाबलं. ड्रम सावकाश फिरला, मग भराभर, आणि जमिनीतून थरथर तिच्या तळपायांत चढू लागली.

चार नंबर ऐकायचा राहिला होता. मुकादम तिकडून हात करून बोलावत होता. धाकटी स्क्रूड्रायव्हर हातात धरून तिथेच होती.

"जा," डॉक्टरीण म्हणाली.

"थांब जरा," धाकटी म्हणाली, आणि ड्रम पुरा वेग घेईपर्यंत तिच्या शेजारी, अगदी ड्रमच्या तोंडाशी, उभी राहिली.